गोठलेल्या जमिनीवरचा तळ

शाळेतला पृथ्वीगोल कपाटातून बाहेर काढावा आणि सुतळीचा एक तुकडा घ्यावा. सुतळीचे एक टोक सायबेरियातल्या नोवोसिबिर्स्कवर धरायचे, दुसरे अमेरिकेतल्या शिकागोवर, आणि सुतळी ताणायची. भिंतीवरच्या सपाट नकाशाची सवय झालेल्या विद्यार्थ्यांना वाटते, ती एखाद्या महासागरावरून आडवी जाईल. प्रत्यक्षात ती उत्तर ध्रुवाजवळून जाते आणि पलीकडे उतरताना ग्रीनलंडच्या वायव्य किनाऱ्यावरच्या एका उपसागराजवळून पुढे सरकते. (सपाट नकाशात आफ्रिकेएवढे दिसणारे ग्रीनलंड गोलावर किती लहान आहे, हेही याच वेळी दाखवता येईल. त्याचे क्षेत्रफळ सुमारे २१ लाख ६६ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे भारताच्या दोन तृतीयांश आहे.)

त्या उपसागराकाठी, ७६ अंश ३२ मिनिटे उत्तर अक्षांशावर, अमेरिकेचा एक हवाई तळ आहे. उत्तर ध्रुव तिथून जेमतेम दीड हजार किलोमीटर. १९५१ साली बांधलेल्या या तळाचे नाव २०२३ पर्यंत थूली असे होते. लष्करी इतिहासात अशा तळांची नोंद होते ती तिथून उडालेल्या विमानांमुळे. आम्ही या लेखात विमाने जरा बाजूला ठेवणार आहोत. धावपट्टीवरचा बर्फ काढणारे, वीजघर चालवणारे, पाणी गोठू न देणारे, वर्षाचे धान्य आणि तेल उतरवून घेणारे, असे जे लोक तळ चालू ठेवतात, त्यांच्या तुकडीला अमेरिकी हवाई दलात 'एअर बेस ग्रुप' म्हणतात. ही हकीकत त्या तुकडीच्या कामाची आहे. थूलीतल्या या तुकडीचे नाव आणि वरिष्ठ पुष्कळदा बदलले. सुरुवातीला ती नॉर्थईस्ट एअर कमांडच्या हाताखाली होती, १९५७ पासून बॉम्बफेकी विमाने बाळगणाऱ्या स्ट्रॅटेजिक एअर कमांडकडे आली, १९६० मध्ये एअर डिफेन्स कमांडकडे गेली आणि पुढे अवकाश विभागाकडे. २००२ मध्ये ती '८२१ वा एअर बेस ग्रुप' झाली. काम मात्र फारसे बदलले नाही, आणि त्या कामाचा मोठा भाग म्हणजे जमीन थंड राखणे! ध्रुवाजवळ राहणाऱ्यांना थंडीशी झगडावे लागते हे सगळ्यांना ठाऊक असते. तिथे थंडी जपावीही लागते, ती कशासाठी, हे पुढे पाहू.

हवामानापासून सुरुवात

या उपसागराकाठी १९१० साली क्नूद रासमुसेन या संशोधकाने आपला मित्र पीटर फ्रॉइखेन याच्या साथीने एक व्यापारी ठाणे काढले. प्राचीन ग्रीक आणि रोमन लेखक जगाच्या उत्तर टोकावरच्या प्रदेशाला थूली म्हणत, तेच नाव त्याने ठाण्याला दिले. व्यापाराच्या नफ्यातून त्याने ध्रुवप्रदेशातल्या आपल्या मोहिमा चालवल्या. ठाण्याशेजारच्या सपाट माथ्याच्या डोंगरापाशी उमान्नाक ही वस्ती होती. तिथले लोक स्वतःला इनुगुइट म्हणवतात. सील, वॉलरस आणि नारव्हाल यांची शिकार आणि कुत्र्यांच्या घसरगाड्या यांवर त्यांचे जगणे उभे होते.

९ एप्रिल १९४० रोजी जर्मनीने डेन्मार्क व्यापला. बरोबर एक वर्षाने, ९ एप्रिल १९४१ रोजी, वॉशिंग्टनमधले डॅनिश राजदूत हेन्रिक काउफमन यांनी कोपनहेगनची संमती न घेता अमेरिकेशी करार केला आणि ग्रीनलंडच्या संरक्षणाचे काम अमेरिकेकडे गेले. या ओसाड बेटाचा युद्धात उपयोग काय? उपयोग हवामानाचा. त्या अक्षांशांत हवामान सर्वसाधारणपणे पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकते. ग्रीनलंडवर आज वाऱ्याची आणि वायुभाराची स्थिती काय आहे हे कळले, की युरोपवर पुढल्या दिवसांत काय येणार याचा अंदाज बांधता येतो. म्हणून ग्रीनलंडमध्ये हवामान केंद्रे उभी राहिली. युद्धानंतर १९४६ मध्ये थूली येथे अमेरिका आणि डेन्मार्क यांचे संयुक्त हवामान केंद्र सुरू झाले. त्याच वर्षी अमेरिकेने १० कोटी डॉलर देऊन ग्रीनलंड विकत घेण्याची तयारी दाखवली होती. डेन्मार्कने ती मानली नाही. पुढे २७ एप्रिल १९५१ रोजी दोन्ही देशांत संरक्षण करार झाला आणि तळाचा मार्ग मोकळा झाला. ज्यांच्या शिकारीच्या जागेवर तो होणार होता, त्या इनुगुइटांना कोणी विचारले नाही.

शंभरावर जहाजे

करारावरची शाई वाळते न वाळते तोच जूनमध्ये अमेरिकेच्या नॉरफोक बंदरातून जहाजांचा ताफा निघाला. १२० जहाजे, १२ हजार माणसे, तीन लाख टन सामान. मोहिमेचे गुप्त नाव होते 'ब्लू जे', म्हणजे अमेरिकेतला एक निळा पक्षी. घाई समजण्यासारखी होती. तिथला समुद्र वर्षातून जेमतेम तीन महिने खुला असतो. बाकी काळ बर्फाने बंद. पण उन्हाळ्यात तिथे सूर्य मावळत नाही, त्यामुळे रात्रपाळी आणि दिवसपाळी असा भेद न ठेवता चोवीस तास काम चालले. १९५२ च्या सप्टेंबरपर्यंत जगाला याची अधिकृत वार्ता नव्हती.

झाँ मालोरी हे फ्रेंच भूगोलतज्ज्ञ तो हिवाळा इनुगुइटांबरोबर काढून १९५१ च्या उन्हाळ्यात घसरगाडीने दक्षिणेकडे परतत होते. ज्या खोऱ्यात काही नव्हते, तिथे त्यांना तंबू, यंत्रे आणि धूर यांचे अख्खे शहर दिसले. त्यांनी पुढे या लोकांवर लिहिलेले पुस्तक जगभर वाचले गेले.

शीतगृह उलटे केले तर

आता जमिनीकडे वळू. या अक्षांशांत जमीन खोलवर, वर्षानुवर्षे गोठलेली असते. तिला पर्माफ्रॉस्ट म्हणतात. उन्हाळ्यात फक्त वरचा पातळ थर वितळतो आणि हिवाळ्यात पुन्हा गोठतो. गोठलेली असेपर्यंत ही जमीन खडकासारखी टणक. पण मातीच्या कणांमध्ये बर्फ भरलेला असतो, काही ठिकाणी तर मातीपेक्षा बर्फच जास्त. तो वितळला की पाणी निथळते, माती खचते आणि वरची इमारत कलते. आणि इमारतीत तर माणसे राहणार, म्हणजे ती ऊबदार हवी! जमिनीवर ऊबदार घर बांधणे म्हणजे आपल्याच पायाखाली शेगडी ठेवणे.

वर्गात हे सहज दाखवता येते. एका थाळीत ओली वाळू घट्ट दाबून बर्फाच्या कप्प्यात गोठवावी. तिच्यावर कोमट पाण्याची छोटी वाटी ठेवावी आणि दुसऱ्या अशाच थाळीवर चार काड्यांच्या पायांवर उभी केलेली वाटी. अर्ध्या तासात पहिल्या वाटीखाली खळगा पडू लागतो.

थूलीच्या अभियंत्यांनी हाच दुसरा मार्ग घेतला. राहण्याच्या इमारती जमिनीपासून काही फूट उंच उभ्या केल्या, म्हणजे खालून वारा वाहतो आणि घरातली उष्णता जमिनीत उतरत नाही. भिंतींसाठी उष्णतारोधक तक्ते वापरले आणि दारे तर शीतगृहाला असतात तशी जाडजूड. शीतगृहात बाहेरची उष्णता आत येऊ द्यायची नसते, इथे आतली बाहेर जाऊ द्यायची नव्हती. उष्णतेला दिशा कळत नाही. भिंत तीच चालते. पाण्याचे आणि सांडपाण्याचे नळ जमिनीत पुरता येत नव्हते, म्हणून ते आवरण घालून जमिनीच्या वरून नेले.

विमाने ठेवण्याचे हँगर मात्र उंच उचलता येत नाहीत; अवजड विमान आत ढकलावे लागते. त्यासाठी फरशीखाली उष्णतारोधक थर दिला आणि त्याच्याही खाली हवा खेळवणाऱ्या नळ्यांची रांग टाकली. हिवाळ्यात नळ्यांची तोंडे उघडायची, बाहेरची बोचरी हवा आतून वाहू द्यायची, जमीन पुरती थंड करून घ्यायची. उन्हाळा आला की तोंडे बंद. हिवाळ्याची थंडी अशी साठवून उन्हाळ्यात पुरवायची. आपल्याकडे पूर्वी हिवाळ्यातला बर्फ भुशात दाबून उन्हाळ्यासाठी राखत, त्याचीच ही मोठी आवृत्ती म्हणता येईल.

धावपट्टीची अडचण वेगळी. ती सुमारे तीन किलोमीटर लांब आणि डांबरी, म्हणजे काळी. मावळत नसलेल्या सूर्याखाली काळा पृष्ठभाग तापतो आणि खालची जमीन अधिक खोलवर वितळते. म्हणून १९५० च्या दशकात धावपट्टीला पांढरा रंग देण्यात आला. उन्हाळ्यात आपण पांढरे कपडे घालतो त्याच तत्त्वावर! अर्थात रंग दिलेली पट्टी अधिक निसरडी होते, हा तोटा पत्करावा लागला. विज्ञानाच्या पुस्तकात उष्णतेचे वहन, अभिसरण आणि प्रारण ही तीन नावे ओळीने येतात; थूलीत तिघांचाही बंदोबस्त करावा लागला.

वाऱ्याचा बंदोबस्त मात्र कोणालाच करता आला नाही. ८ मार्च १९७२ रोजी तळाजवळच्या एका ठाण्यावर ताशी ३३३ किलोमीटर वेगाचा वारा मोजला गेला. वादळात सापडलेल्यांसाठी रस्त्यांच्या कडेला ठराविक अंतरावर निवाऱ्याच्या खोल्या बांधलेल्या आहेत.

सत्तावीस कुटुंबे

१९५३ साली तळाभोवती विमानविरोधी तोफा बसवायचे ठरले आणि उमान्नाकची वस्ती आड आली. मे महिन्याच्या अखेरीस तिथल्या २७ कुटुंबांना, ११६ माणसांना, काही दिवसांच्या सूचनेवर घरे सोडायला सांगण्यात आले. घसरगाड्यांवर मावेल तेवढे सामान घेऊन ती माणसे शंभरावर किलोमीटर उत्तरेला कानाक येथे गेली. नवी घरे तयार नव्हती. उन्हाळा तंबूंत गेला. ५ जून १९५३ रोजी डेन्मार्कची नवी राज्यघटना अमलात आली आणि ग्रीनलंड वसाहत न राहता राज्याचा भाग झाले, तिथल्या लोकांना नागरिकांचे हक्क मिळाले. स्थलांतर त्याच्या काही दिवस आधी उरकले होते. या तारखा शेजारी शेजारी ठेवल्या की बरेच काही कळते.

लोक स्वखुशीने गेले, असे डॅनिश सरकार पुढे कित्येक वर्षे सांगत राहिले. 'हिंगिताक ५३', म्हणजे 'त्रेपन्नचे हुसकावलेले', या नावाने एकत्र येऊन विस्थापितांनी १९९६ साली दावा लावला. १९९९ मध्ये न्यायालयाने ही सक्तीची हकालपट्टी होती असे ठरवून समाजाला पाच लाख क्रोनर आणि व्यक्तींना अल्पशी भरपाई दिली. पंतप्रधान पॉल न्यूरूप रासमुसेन यांनी माफी मागितली. २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भरपाई कायम ठेवली, पण परत जाण्याचा हक्क मान्य केला नाही.

चंद्राने दिलेली हूल

१९६० मध्ये थूलीत क्षेपणास्त्रांची आगाऊ सूचना देणारे रडार सुरू झाले. त्याचे चार पडदे फुटबॉलच्या मैदानाएवढे होते, प्रत्येकी सुमारे १२० मीटर लांब आणि ५० मीटर उंच. सुतळीचा प्रयोग इथे आठवावा. सोव्हिएत क्षेपणास्त्र अमेरिकेकडे निघाले तर ते ध्रुवाकडूनच येणार, आणि थूली त्याच्या वाटेवर.

५ ऑक्टोबर १९६० रोजी या रडारने अमेरिकेतल्या मुख्यालयाला मोठा हल्ला येत असल्याची सूचना दिली. संगणकाच्या मते खात्री जवळजवळ पूर्ण. मुख्यालयातल्या अधिकाऱ्यांनी एक साधी गोष्ट लक्षात घेतली: सोव्हिएत नेते निकिता ख्रुश्चेव्ह तेव्हा संयुक्त राष्ट्रांच्या सभेसाठी न्यूयॉर्कमध्येच होते. ते तिथे असताना हल्ला कसा होईल? शोधाअंती कळले, की नॉर्वेच्या दिशेला चंद्र उगवत होता आणि रडारला त्याचाच प्रतिध्वनी मिळत होता.

याचे गणित विद्यार्थ्यांना घालता येईल. रडारलहरींचा वेग सेकंदाला ३ लाख किलोमीटर. ४,८०० किलोमीटरवरच्या क्षेपणास्त्राचा प्रतिध्वनी किती वेळात येईल? जाऊन येऊन ९,६०० किलोमीटर, म्हणजे सुमारे ०.०३ सेकंद. आणि ३ लाख ८४ हजार किलोमीटरवरच्या चंद्राचा? अडीच सेकंदांहून थोडा जास्त. एवढ्या वेळात रडारने आणखी कितीतरी स्पंद सोडलेले असतात. उशिरा परतलेला प्रतिध्वनी नंतर सुटलेल्या स्पंदाचा समजला गेला आणि दूरचा चंद्र जवळची क्षेपणास्त्रे होऊन बसला. यंत्र घडवणाऱ्यांनी त्याची ताकद कमी धरली होती.

बर्फाखालचे गाव आणि बर्फातली बखर

तळाच्या पूर्वेला सुमारे २४० किलोमीटरवर, ग्रीनलंडच्या बर्फाच्या कवचात, अमेरिकी लष्कराने १९५९-६० मध्ये 'कँप सेंचुरी' नावाचे गाव खोदले. सामान थूलीच्या बंदरात उतरायचे आणि तिथून बर्फावरून घसरगाड्यांच्या लांब माळांनी आत जायचे. स्विस बनावटीच्या बर्फ कापणाऱ्या यंत्रांनी लांब चर खणले, वर पोलादी कमानी घातल्या, त्यावर पुन्हा बर्फ लोटला. आत निवासखोल्या, भोजनगृह, दवाखाना, आणि १९६० ते १९६३ या काळात चाललेली एक छोटी अणुभट्टीसुद्धा. जगाला सांगितले ते संशोधनकेंद्र म्हणून. त्यामागची खरी योजना डेन्मार्कलाही ठाऊक नव्हती: बर्फाखाली चार हजार किलोमीटरचे बोगदे खणून त्यांत ६०० अण्वस्त्रे फिरती ठेवायची.

ही योजना बर्फाने हाणून पाडली. आपण बर्फाला घन पदार्थ मानतो, आणि तो आहेच. पण स्वतःच्या ओझ्याखाली तो अतिशय सावकाश वाहतो. भिंती आत सरकू लागल्या, छते खाली येऊ लागली. अणुभट्टीच्या दालनाचे छतही दबले. भिंती सतत तासाव्या लागत. १९६४ मध्ये अणुभट्टी हलवली आणि १९६७ मध्ये गाव सोडून दिले. (आपल्याकडेही हे घडले आहे. अंटार्क्टिकावरचे भारताचे पहिले केंद्र 'दक्षिण गंगोत्री' बर्फाच्या थरावर होते. ते बर्फात गाडले जाऊ लागल्याने १९९० मध्ये सोडावे लागले. त्यानंतरची 'मैत्री' आणि 'भारती' ही दोन्ही केंद्रे खडकावर उभी केली आहेत.)

पण याच गावात एक काम असे झाले, की त्यासाठी हा सारा खटाटोप विज्ञानाच्या इतिहासात राहील. चेस्टर लँगवे, लाइल हॅन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बर्फाला भोक पाडत पाडत जुलै १९६६ मध्ये तळ गाठला. सुमारे १,३९० मीटर! इतक्या खोलीपर्यंतचा बर्फ दंडगोलाकार तुकड्यांच्या रूपाने वर आला. दरवर्षी पडणारा हिमवर्षाव थरावर थर साचत गेलेला, म्हणजे वर आलेली ही एक बखरच होती. ती वाचायची कशी?

वाचले ते कोपनहेगनच्या विली डान्सगार्ड यांनी. १९५२ च्या जूनमध्ये त्यांनी आपल्या घरामागच्या हिरवळीवर बिअरच्या रिकाम्या बाटलीत नरसाळे खोचून पावसाचे पाणी जमवले होते. पाण्यातला बहुतेक ऑक्सिजन १६ वस्तुमानांकाचा असतो, पण थोडा १८ वस्तुमानांकाचा, जड. जड पाण्याची वाफ किंचित कमी होते आणि वाफेतून ते किंचित आधी गळून पडते. हवा जितकी थंड होत जाते, तितके उरलेल्या वाफेतले जड पाणी कमी होते. म्हणजे पावसाच्या किंवा हिमाच्या पाण्यातल्या ऑक्सिजन-१८ च्या प्रमाणावरून ते पडले तेव्हा किती थंडी होती हे सांगता येते. कँप सेंचुरीचा बर्फ त्यांनी मागून घेतला आणि १९६९ मध्ये सुमारे एक लाख वर्षांच्या हवामानाचा आलेख प्रसिद्ध केला. शेवटचे हिमयुग, त्यातले चढउतार, त्यानंतरची ऊब, सारे त्यात दिसते. हवामानबदलाचे आज जे आलेख आपण वर्गात लावतो, त्यांच्या मागे ही बाटली आहे.

बर्फाच्या तळाशी साडेतीन मीटरच्या आसपास गोठलेली मातीही निघाली होती. तिच्याकडे फारसे कोणी पाहिले नाही. ती अमेरिकेहून कोपनहेगनच्या शीतपेट्यांत गेली आणि विसरली गेली. २०१७-१८ च्या सुमारास ती पुन्हा सापडली. धुऊन पाहिली तर तीत डहाळ्या आणि शेवाळ! २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार सुमारे चार लाख वर्षांपूर्वी ही जागा बर्फमुक्त होती, आणि त्या वेळी केवळ ग्रीनलंडच्या वितळण्याने जगातल्या समुद्रांची पातळी किमान १.४ मीटर चढली असावी. मुंबईचा नकाशा समोर ठेवून हा आकडा वाचावा.

२१ जानेवारी १९६८

रडारचा संपर्क तुटला तर तो बिघाडाने तुटला की हल्ल्याने, हे कसे कळणार? यासाठी १९६० च्या दशकात एक बी-५२ विमान थूलीवर सतत घिरट्या घालत असे. तळ शाबूत आहे ना, हे वरून डोळ्यांनी पाहायचे. विमानात हायड्रोजन बॉम्ब असत. डेन्मार्कचे जाहीर धोरण आपल्या भूमीवर अण्वस्त्रे नकोत असे होते.

२१ जानेवारी १९६८ रोजी अशा एका विमानात उष्ण हवेच्या झरोक्यापाशी ठेवलेल्या आसनाच्या गाद्यांनी पेट घेतला. सात जणांनी विमान सोडले, सहा वाचले. विमान तळापासून सुमारे १२ किलोमीटरवर गोठलेल्या समुद्रावर आदळले. त्यातल्या चारही बॉम्बमधली साधी स्फोटके उडाली. अणुस्फोट झाला नाही, कारण त्यासाठी स्फोटके ठराविक रीतीने एकाच क्षणी उडावी लागतात. पण प्लुटोनियम आसमंतात विखुरले.

पुढचे आठ महिने तळाच्या माणसांचे होते. जानेवारीत तिथे सूर्य उगवतच नाही. फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत काम अंधारात चालले. तापमान शून्याखाली ४० अंश सेल्सिअस, मधूनमधून ६०. किरणोत्सार मोजणाऱ्या उपकरणांच्या बॅटऱ्या थंडीत मान टाकत, म्हणून त्या कोटाच्या आत, अंगाच्या उबेत बाळगाव्या लागत. इनुगुइट शिकाऱ्यांनी आपल्या घसरगाड्या मदतीला दिल्या. सुमारे ७०० अमेरिकी आणि डॅनिश माणसांनी दूषित बर्फ खरवडून टाक्यांत भरला. घाई पुन्हा ऋतूचीच: उन्हाळ्यात समुद्रावरचा बर्फ फुटला असता तर सारे पाण्यात गेले असते. साडेनऊ हजार टनांच्या आसपास बर्फ आणि अवशेष सप्टेंबरपर्यंत जहाजांनी अमेरिकेला रवाना झाले. तरी काही प्लुटोनियम समुद्रतळाच्या गाळात राहिलेच. प्लुटोनियम-२३९ चे अर्धायुष्य २४ हजार वर्षे आहे.

विमानांनी बॉम्ब घेऊन सतत हवेत राहण्याची पद्धत त्या अपघातानंतर बंद झाली. बर्फ खरवडणाऱ्या डॅनिश कामगारांची कहाणी मात्र लांबली. आजारपणाच्या तक्रारी, चौकश्या, नकार. १९९५ मध्ये जुनी कागदपत्रे उघड झाली आणि कळले, की पंतप्रधान एच. सी. हॅन्सन यांनी १९५७ मध्येच अमेरिकेला अण्वस्त्रांबाबत मूक संमती दिली होती. म्हणजे कामगार ज्या देशाचे, त्यालाच ठाऊक होते. त्याच वर्षी सुमारे १,७०० कामगारांना प्रत्येकी ५० हजार क्रोनर देण्यात आले.

तोच बर्फ, नवी ऊब

कँप सेंचुरी सोडताना सैनिकांनी अणुभट्टी नेली, बाकीचे तिथेच टाकले. कशाला नेतील? वरून बर्फ पडत राहणार आणि सारे कायमचे गाडले जाणार, हा हिशेब. २०१६ मध्ये शास्त्रज्ञांनी त्या टाकलेल्या मालाचा अंदाज मांडला: ९,२०० टन सामान, दोन लाख लिटर डिझेल, अडीच कोटी लिटरच्या जवळपास सांडपाणी, शिवाय अणुभट्टीचे कमी तीव्रतेचे किरणोत्सारी पाणी. तापमानवाढ अशीच चालली तर या शतकाच्या अखेरीस तिथे हिम साठण्यापेक्षा वितळणे जास्त होऊ शकेल, असे त्यांनी म्हटले. पुढच्या, २०२१ मधल्या अभ्यासाने जरा धीर दिला: २१०० पर्यंत वितळलेले पाणी त्या मालापर्यंत पोहोचणार नाही. एप्रिल २०२४ मध्ये नासाच्या विमानातल्या रडारला बर्फाखालची ती गल्लीबोळांची रचना योगायोगाने दिसली. गाव आता किमान ३० मीटर खाली आहे.

तळावर पुढच्या काळात माणसे कमी झाली. अलीकडे तिथे अमेरिकी सैनिक दीडशेच्या आसपास असत. बाकीची कामे डॅनिश आणि ग्रीनलंडच्या कामगारांकडे. दर उन्हाळ्यात कॅनडाचे बर्फफोडे जहाज वाट करून देते आणि मागून वर्षाचा शिधा आणि तेल येते. उमान्नाकची जुनी जागा २००३ मध्ये ग्रीनलंडला परत मिळाली. ६ एप्रिल २०२३ रोजी तळाचे नाव बदलून 'पितुफिक' ठेवण्यात आले. हे तिथल्या जागेचे मूळ नाव. अर्थ, 'जिथे कुत्री बांधतात ती जागा'. घसरगाडीची कुत्री अर्थात.

त्या २७ कुटुंबांचे वंशज कानाकमध्ये राहतात. त्यांच्याही घरांखाली तीच गोठलेली जमीन आहे, पण तिथे फरशीखाली थंड हवा खेळवणाऱ्या नळ्या नाहीत आणि त्यांची तोंडे ऋतूप्रमाणे उघडणारी तुकडीही नाही. जमीन वितळू लागल्याने तिथली काही घरे कलू लागली आहेत.